तेवीस ओंडके आणि दोन पाइपांची मोरी

पुण्याच्या पश्चिमेला, मुठेच्या खोऱ्यात एक वाडी आहे. वाडीच्या वरच्या अंगाला देवराई, खालच्या अंगाला रस्त्याची मोरी. या दोहोंमधला ओढ्याचा ४२० मीटरचा तुकडा हे या प्रकरणाचं क्षेत्र. वरचे १२० मीटर देवराईतून जातात, उरलेले ३०० मीटर भातखाचरांच्या कडेने. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि मापं गोल केली आहेत.

एका जुलैत मोरी तुंबली. तिला मीटर-मीटर व्यासाचे दोन सिमेंट पाइप आहेत. दोन्हींची तोंडं बुजल्यावर पाणी रस्त्यावरून उलटलं, डांबराची कड तुटली आणि नुकतीच लावणी झालेल्या तीन खाचरांत गोटे पसरले. पुढच्या मे महिन्यात ग्रामसभेत ठरलं, की जेसीबी लावून ओढा साफ करायचा, आडवं पडलेलं सगळं लाकूड ओढून काढायचं आणि तळ सपाट करून घ्यायचा. यंत्राचं दोन दिवसांचं भाडंही ठरलं होतं. काम अडलं ते देवराईच्या गुरवामुळे. देवराईतली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही हा जुना शिरस्ता, मग ओढ्यात पडलेलं झाड देवाचं की ओढ्याचं? या वादात आठवडा गेला आणि त्या आठवड्यात मोजणी झाली.

मोजणी कशी केली

सामान साधं होतं. ३० मीटरची टेप, शिंप्याची टेप, खुणेची काठी, तीन रंगांचे स्प्रे आणि एक वही. आधी ओढ्याची रुंदी घेतली. वाहत्या पाण्याची रुंदी इथे उपयोगाची नाही, कारण मे महिन्यात बहुतेक पात्र कोरडंच असतं. दरवर्षीच्या साधारण पुरात पाणी जिथवर भरतं तिथली रुंदी घ्यावी लागते. काठावर ती ओळखू येते. शेवाळाची रेघ संपते, उघडी पडलेली मुळं संपतात आणि माती सुरू होते. अशी दहा ठिकाणी घेतलेली सरासरी ५ मीटर आली, खोली ९० सेंमी. तळाचा उतार १०० मीटरला ३ मीटर.

लाकूड कोणतं मोजायचं याचा जगभर रुळलेला निकष आहे: व्यास किमान १० सेंमी, लांबी किमान १ मीटर. त्याहून बारीक ते पाल्यापाचोळ्यात. प्रत्येक ओंडक्याची लांबी, मधला व्यास, मुळांचा गड्डा शाबूत आहे का, किती भाग काठावर टेकला आहे, कुठे धोंड्यात किंवा झाडात अडकला आहे, मोरीपासून किती दूर आहे आणि कुठून आला असावा, एवढ्या नोंदी घेतल्या. शेवटची नोंद लोक टाळतात, कारण तिला डोकं लावावं लागतं. पण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच उभे आहेत.

एकूण २३ ओंडके निघाले. त्यातले १५ देवराईच्या १२० मीटरमध्ये आणि फक्त ८ खालच्या ३०० मीटरमध्ये. पाऊस तोच, खडक तोच, पाणीही तेच. वर काठावर झाडं आहेत आणि पडलेलं कोणी उचलत नाही. खाली काठ बोडका आहे आणि पडलेलं आठवड्यात चुलीखाली जातं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद केली, तेव्हापासून देवराई म्हटलं की दुर्मीळ झाडांची आणि झऱ्यांची चर्चा होते. आतल्या ओढ्यात पडून राहिलेल्या लाकडाची कोणी फारशी दखल घेत नाही. खरं तर आसपासच्या ओढ्यांचं मूळ रूप पाहायला मिळतं ते अशाच ठिकाणी.

सात नंबरचा जांभूळ

सात नंबरचा ओंडका जवळून पाहण्यासारखा आहे. लांबी ११ मीटर, मधला व्यास ५० सेंमी. घनफळ काढायचं तर व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले लांबी, म्हणजे सव्वादोन घनमीटरच्या जरा आत. मुळं अजून उजव्या काठात आहेत, शेंडा डाव्या काठाच्या दोन धोंड्यांत रुतला आहे. जांभळाचं लाकूड पाण्यात टिकतं. विहिरीच्या तळाशी ते घालायची रीत त्याच अनुभवातून आली.

या ओंडक्याच्या वरच्या बाजूला खडी आणि गोटे साठून ६० सेंमीची पायरी तयार झाली आहे. पात्राची रुंदी ५ मीटर, साठा वरच्या अंगाला ६ मीटर लांब, सरासरी जाडी ३० सेंमी, म्हणजे ९ घनमीटर. ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या भरतील एवढा हा माल आहे. पाणी पायरीवरून खाली पडतं तिथे डोह खणला गेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाकी ओढा कोरडा असताना त्यात ३५ सेंमी पाणी होतं, आणि त्या पाण्यात मल्या मासे, बेडूकमासे, ओंडक्याखाली खेकडे. (मल्याचं शास्त्रीय नाव मराठीवरूनच पडलंय. साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन करताना ते वापरलं.) लाकडाच्या कपारीत पानांचा दाट गठ्ठा अडकलेला असतो. पाण्यातल्या किड्यांचं खाणं तेच. पान अडलं नाही तर ते एका पुरात सरळ धरणात जातं.

आता हा ओंडका जेसीबीने ओढून काढला तर काय होईल? पायरी पहिल्याच पुरात सुटेल आणि तीन ट्रॉल्या गोटे खाली निघतील. खाली मोरी आहे. म्हणजे मोरी वाचवायला केलेल्या सफाईनेच ती गोट्यांनी भरायची. तळ सपाट करण्यातही हाच धोका आहे. ओढ्याच्या तळाचे मोठे गोटे एकमेकांत बसून वरचा थर घट्ट झालेला असतो. बकेटने तो एकदा उसवला की खालची बारीक खडी आणि माती मोकळी सुटते.

लाकूड ओढ्यात येतं कसं

देवराईतल्या १५ पैकी ६ झाडं काठ पोखरून पडलेली होती. पुराचं पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाला मुळांखालची माती काढतं आणि झाड हळूहळू झुकत एक दिवस आडवं होतं. चार झाडं वाऱ्याने मुळांसकट उपटलेली. इथे काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ, त्यामुळे मुळं खोल न जाता थाळीसारखी पसरतात; जुलैत माती भिजून लोणी झाली की एक जोराचा झोत पुरतो. तीन ओंडके उभ्या वठलेल्या झाडांच्या फांद्यांचे, आणि दोन वरून वाहत आलेले. तीव्र उतारावर दरडीबरोबर झाडं थेट ओढ्यात येतात, हा आणखी एक मार्ग. या तुकड्यात तसं काही दिसलं नाही.

झाड काठापासून किती दूर असलं तर ओढ्यात पडेल? वारा आणि उतार बाजूला ठेवून, झाड कुठल्याही दिशेला पडू शकतं असं धरलं तर हिशेब सरळ भूमितीचा आहे. १५ मीटर उंचीचं झाड अगदी काठावर असेल तर शेंडा ओढ्यापर्यंत पोचायची शक्यता ५० टक्के. पाच मीटरवर ती ३९ टक्के होते, दहा मीटरवर २७, चौदा मीटरवर १२, आणि पंधराच्या पुढे शून्य. प्रत्यक्षात काठाची झाडं उजेडाकडे, म्हणजे ओढ्याकडेच झुकलेली असतात, म्हणून जवळच्या झाडांची खरी शक्यता याहून जास्त. अमेरिकेत पश्चिम ओरेगॉन आणि वॉशिंग्टनमधल्या लहान ओढ्यांवरचा १९९० चा अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे ७० टक्क्यांहून जास्त लाकूड काठापासून २० मीटरच्या आतून आलं होतं. तिथली सूचिपर्णी झाडं आपल्या जांभळा-करंजाच्या कितीतरी पट उंच, तरी एवढंच अंतर. आपल्याकडे झाडाच्या उंचीएवढा, म्हणजे १५ मीटरचा पट्टा राखला तर जवळपास सगळा पुरवठा त्यात येतो. दहा मीटर मिळाला तरी मोठा वाटा हाती लागतो.

त्याच भागात एकेकाळी ओढ्यांतली लाकडं सरकारी खर्चाने काढली जात होती. साल्मन माशांची वाट अडते असा समज होता. नंतर उलट ध्यानात आलं आणि १९८०च्या दशकापासून तीच लाकडं परत ओढ्यांत ठेवायला सुरुवात झाली. आपण सफाईच्या टप्प्यावर आहोत. २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झाल्यापासून खोलीकरण हा शब्द गावोगाव पोचला आहे आणि यंत्रही सहज मिळतं.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. तिथल्या थंड, बारमाही ओढ्यात सूचिपर्णी झाडाचा मोठा ओंडका पिढ्यान्‌पिढ्या पडून राहतो. आपला ओढा फेब्रुवारी-मार्चला आटतो, आणि ओलं-सुकं, ओलं-सुकं होणारं लाकूड सगळ्यात लवकर जातं. उन्हाळ्यात वाळवी, पावसात बुरशी. उंबर किंवा पांगारा काही वर्षांत भुसा होतो, जांभूळ बराच काळ तग धरतो. म्हणजे इथे साठा छोटा आणि पुरवठा सतत हवा.

मोरी नेमकी कशाने तुंबली

रस्त्याच्या कडेला आदल्या वर्षी मोरीतून काढलेला ढीग अजून पडून होता. तो उचकटून पाहिला. एक मीटरहून लांब आणि मनगटापेक्षा जाड अशी ३४ लाकडं निघाली. त्यातल्या २६ ना दोन्ही टोकांना कोयत्याचा किंवा करवतीचा सपाट काप होता. तीन मीटरहून लांब एकही नाही. म्हणजे ती देवराईत पडलेली झाडं नव्हेतच. बांधावरच्या गिरिपुष्पाची छाटणी, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, खांडलेल्या ऐनाच्या उरलेल्या दांड्या, ओढ्याकडेला रचून ठेवलेलं आणि पुरात उचललं गेलेलं सरपण. मधल्या पोकळ्या पाल्याने आणि खताच्या रिकाम्या गोण्यांनी भरल्या होत्या. गोणी पाइपाच्या तोंडाला लागली की ती झडपेसारखी बसते.

आखूड लाकूडच का वाहतं, याचं गणित सोपं आहे. निम्म्या घनतेचं लाकूड, म्हणजे पाण्याच्या तुलनेत ०.५, अर्ध्या व्यासाएवढ्या पाण्यात तरंगतं. २० सेंमी जाडीचा तुकडा १० सेंमी पाण्यात निघाला. ०.७५ घनतेचा ६० सेंमी जाड जांभूळ पात्रात मोकळा पडला असला तरी उचलायला ४२ सेंमी पाणी लागेल. त्यातला काही भाग काठावर असेल तर आणखी जास्त. लांबीचंही तसंच. पात्राच्या रुंदीहून लांब ओंडका कुठे ना कुठे दोन्ही काठांना टेकतो. रुंदीच्या निम्म्याहून आखूड तुकडा काठीसारखा सुळकन जातो. मुळांचा गड्डा असेल तर तो नांगरासारखा धरतो.

निर्णय: पांढरा, पिवळा, लाल

यावरून वाटणी केली. पाच मीटरहून लांब आणि पक्के अडकलेले, किंवा मुळांसकट रुतलेले १४ ओंडके पांढरे, म्हणजे हात लावायचा नाही. अडीच मीटरहून आखूड, सुटे, देवराईच्या खालचे ५ लाल, म्हणजे काढायचे. उरलेले ४ पिवळे, म्हणजे जागेवर धरून ठेवायचे. उभ्या झाडांना तर हातच लावायचा नव्हता. जांभूळ आणि ऐन १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत.

पिवळ्या ओंडक्यांवर चार दिवस गेले. यंत्र काठावर आणलं नाही. तीन बल्ल्यांची घोडी, चेनपुली, पहारी आणि सहा माणसं. ओंडक्याचा एक-तृतीयांश भाग काठात चर खणून पुरायचा आणि उरलेला दोन उभ्या झाडांच्या किंवा धोंड्यांच्या मागे अडकवायचा, ही सगळ्यात चांगली पद्धत. जिथे अडकवायला काही नव्हतं तिथे धोंड्यांचं वजन लावलं. साडेपाच मीटर लांब, ३५ सेंमी जाड उंबराचं घनफळ ०.५३ घनमीटर. घनता ०.५ धरली तर पूर्ण बुडाल्यावर त्याचा वर उचलणारा जोर सुमारे २६५ किलो. काळा पाषाण हवेत घनमीटरला २८०० किलो असला तरी पाण्यात त्याचं वजन १८०० च भरतं, म्हणून नुसता तोल साधायला सुमारे ४१० किलो दगड लागतो. पुराच्या धक्क्यासाठी दुप्पट धरून ८२० किलो ठेवले. लोक नेमके इथे चुकतात. हवेतल्या वजनाने हिशेब करतात आणि ओंडका पहिल्या पुरात धोंडे ढकलून निघतो.

मोरीच्या २० मीटर वर पात्रात तिरक्या रांगेत नऊ लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये उभे केले, अंतर साधारण ६० सेंमी, उंची १.२ मीटर. अंतर मोरीच्या पाइपाच्या व्यासापेक्षा कमी हवं. दोन-तृतीयांशाच्या आसपास ठीक. रांग तिरकी अशासाठी, की लाकूड उजव्या काठाला जमावं, जिथे ट्रॅक्टर पोचतो. मोरीच्या तोंडालाच बारीक जाळी लावायची सूचना आली होती, ती नाकारली. जाळी पाल्याने तासाभरात लिंपली जाते आणि मोरीसमोर बंधारा उभा राहतो. खरा उपाय दोन पाइपांऐवजी एका रुंद गाळ्याची स्लॅबची मोरी हाच आहे, कारण दोन तोंडांमधली भिंतच लाकूड अडवते. पण तो पुढच्या अंदाजपत्रकाचा विषय.

हा सगळा हिशेब शहरातल्या ओढ्याला लागू करू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पुण्यात माणसं गेली. जिथे भिंती ओढ्याला चिकटल्या आहेत आणि दर काही अंतरावर पूल आहे, तिथे मोकळ्या ओंडक्याला जागाच उरलेली नाही. तिथे लाकूड अडवायचं ते शहराच्या वर, कात्रजच्या अंगाला.

पहिल्या पावसाळ्यात काय बिघडलं

मोरी तुंबली नाही. खांबांजवळचा कचरा तीनदा काढावा लागला. जुलैतल्या दुसऱ्या खेपेला उशीर झाला, तेव्हा पाणी खांबांवरून वाहिलं, पण लाकूड मागेच राहिलं.

बिघडलं दुसरीकडे. एका पिवळ्या ओंडक्याचा बुडखा डाव्या काठात पुरला होता आणि टोक प्रवाहाच्या दिशेने खाली वळवलं होतं, पाण्याला वाट मिळेल या भाबड्या हिशेबाने. पाणी बुडालेल्या ओंडक्यावरून जाताना त्याला काटकोनात खाली पडतं. टोक खाली असल्यामुळे ते डाव्या काठावरच आपटत राहिलं आणि खाचराचा दीड मीटर बांध गेला. खाचरवाल्याने रीतसर तक्रार केली आणि ती रास्त होती. दिवाळीनंतर त्याच ओंडक्याचं टोक २५ अंशांनी वरच्या दिशेला वळवलं, म्हणजे पाणी पात्राच्या मध्याकडे पडतं. बांध गावाने भरून दिला. दुसरा ओंडका तारेच्या दोराने करंजाला बांधला होता. पुराच्या हेलकाव्याने तारेने सालच सोलली. जिवंत झाडाला तार बांधायचीच नाही, हे आधीच ठरायला हवं होतं.

सगळ्यात मोठी चूक डिसेंबरात कळली. अठरा नंबर, पांढरा, ७ मीटर लांब, २८ सेंमी जाड. त्याचा काठावरचा सुका अर्धा भाग कुणीतरी करवतीने नेला. गॅस आला तरी पाण्याच्या बंबाला लाकूड लागतंच, आणि सुकलेलं, हाताशी असलेलं खोड कोण सोडेल? पण उरलेले साडेतीन मीटर पाच मीटरच्या पात्रात होते. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते फिरलं आणि थेट खांबांवर येऊन धडकलं. म्हणजे स्थिर ओंडका अर्धा कापला की धोका निम्मा होत नाही, उलट धोका तिथूनच सुरू होतो.

यावर फलक लावून काही होणार नव्हतं. लाल ओंडके, खांबांजवळचं लाकूड आणि बांधावरची छाटणी, सगळं मोरीजवळ रचून घरटी वाटायचं आणि पांढऱ्याला कोयता लावायचा नाही, असा सौदा ठरला. गिरिपुष्पाची छाटणी ओढ्यापासून १० मीटर आत रचायची, हेही त्यात आलं. सरपण ओढ्यात गेलं नाही तर मोरीचं अर्धं काम तिथेच होतं.

काठाचा पट्टा

डाव्या काठाला खाचरवाल्यांनी ५ मीटर सोडले, उजव्याला १०. खड्डे दीड फुटी घन, अंतर ३ मीटर, लागवड जूनच्या शेवटी. पाण्यालगत वाळुंज, त्यामागे करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. वाळुंजाचे सव्वा मीटर लांब, ३-४ सेंमी जाड दांडे निम्मे जमिनीत ठोकले तर फुटतात, पण मोठा पूर ओसरल्यावर. जुलैत खडीत ठोकलेले सगळे वाहून गेले. सप्टेंबरात काठाच्या मातीत ठोकलेले बहुतेक धरले. गुरांसाठी करवंदाचं कुंपण.

हिशेब असा मांडला: १०० मीटर लांब, १० मीटर रुंद पट्ट्यात ४० मोठी झाडं धरा, वर्षाला दीड टक्का पडतात असं धरा. म्हणजे वर्षाला ०.६ झाड, त्यातलं ओढ्यापर्यंत पोचणारं ३८ टक्के. चार-साडेचार वर्षांतून एक ओंडका. तो दहा वर्षं टिकला तर कुठल्याही वेळी १०० मीटरला दोन-अडीच, तेही एका काठाकडून. दीड टक्का आणि दहा वर्षं ही गृहीतकं आहेत; दर मेच्या मोजणीने ती सुधारत जायची. लावलेली झाडं पडण्याजोगी व्हायला पंचवीस-तीस वर्षं जातील. तोवर खालच्या ३०० मीटरला देवराईतूनच काय येईल ते.

दुसऱ्या मेच्या मोजणीत देवराईच्या खालच्या टोकाला एक करंज आढळला. ओढ्याकडची मुळं निम्मी उघडी, खोड पाण्यावर झुकलेलं. उंची १३ मीटर, पात्र तिथे ५ मीटर. त्याला कुठलाच रंग लावलेला नाही. वहीत त्याच्यापुढे "येणार" एवढं लिहिलं आहे, आणि मोरीपासूनचं अंतर: ३१० मीटर.